कोळसा खाणीच्या पाण्याची फाइल रिव्ह्यूत अडकते ती कुठे? या चुका टाळा

मागच्या वर्षी एक फाइल माझ्या टेबलावर आली. कोळसा खाणीचं बाहेर सोडायचं पाणी, वर्षभराचे चोवीस रिपोर्ट, आणि चोवीसच्या चोवीस ठिकाणी टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) ९४ ते ९९ च्या मधे. लिमिट १००. जानेवारीत ९६ आणि ऑगस्टमधे, जेव्हा ओबी डंपवरून (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगावरून) अक्षरशः दुधाचा चहा वाहत असतो, तेव्हा पण ९७. तपासणाऱ्या साहेबांनी ऑगस्टच्या आकड्याला लाल पेनने गोल करून शेजारी एकच शब्द लिहिला होता, "पाऊस?" आणि फाइल परत.

मी इंदूरची, रामबागेतली, वीसेक वर्षं पाण्याच्या लॅबमधे काढलीत आणि आता जास्त करून दुसऱ्यांच्या फाइली बघून देते. इंदुरात कोळसा नाही, पण मध्य प्रदेशात सिंगरौली, सोहागपूर, पेंच-कन्हान, पाथाखेडा एवढे पट्टे आहेत आणि सॅम्पल फिरत फिरत इथल्या लॅबांपर्यंत येतात. एक सांगते, रिव्ह्यू करणारा माणूस तुमचा एकेक आकडा लिमिटखाली आहे का ते बघतो पाच मिनिटं, बाकी सगळा वेळ तो हे आकडे एकमेकांशी बोलतात का ते बघतो. पंपाचं लॉगबुक, पावसाचे आकडे, तारखा, मागचा रिपोर्ट. फेल झालेल्या आकड्यावर उत्तर देता येतं हो, न जुळणाऱ्या आकड्यावर नाही देता येत.

लिमिट कुठलं लावलंय ते आधी बघा

ही चूक इतकी कॉमन आहे की हसू येतं. खाणीतून बाहेर सोडलेल्या पाण्याला पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० लावायचं आणि गावातल्या विहिरीला एफ्लुएंटचं (बाहेर सोडलेल्या पाण्याचं) लिमिट लावून "विदिन लिमिट" ठोकून द्यायचं. कोळसा खाणींसाठी पर्यावरण संरक्षण नियमांखाली वेगळी स्टँडर्ड्स आहेत, २५ सप्टेंबर २००० च्या नोटिफिकेशनची, जीएसआर ७४२. त्यात एफ्लुएंटचे मुख्य चार: पीएच ५.५ ते ९, टीएसएस १०० मिग्रॅ प्रति लिटर (शेतीच्या जमिनीवर सोडत असाल तर २००), ऑइल अँड ग्रीस १०, आणि नायट्रेट नायट्रोजन १०. हे पंधरवड्यातून एकदा. बीओडी (घाण कुजवताना जंतू खातात तो ऑक्सिजन) ३०, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५० वगैरे जनरल स्टँडर्डमधली लांब यादी वेगळी. विहिरी आणि हँडपंप आयएस १०५०० वर. नदी-नाल्याचं पाणी कुठल्या वर्गाचं ते बघून, उदाहरणार्थ सी वर्ग असेल तर डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) किमान ४ आणि बीओडी जास्तीत जास्त ३. आणि या सगळ्याच्या वर तुमच्या कन्सेंटमधे (प्रदूषण नियंत्रण बोर्डाची परवानगी) आणि ईसीत (पर्यावरण मंजुरी) जे लिहिलंय ते, ते जास्त कडक असेल तर तेच चालणार. एकाच तक्त्यात सगळी पाणी घालून शेवटच्या कॉलममधे एकच लिमिट छापलेलं असलं की समोरचा पुढचं वाचायच्या आधीच मनाशी ठरवून टाकतो.

पंधरवडा म्हणजे पंधरवडा, हेही सांगायला लागतं. ३० तारखेला एक आणि १ तारखेला एक असं घेऊन "महिन्याचे दोन झाले" म्हणणारे लोक आहेत. गाडी एकदाच पाठवली, डिझेल वाचलं. तारखा ओळीने लावल्या की लगेच दिसतं ते.

नायट्रेटचं भूत

एफ्लुएंटमधे १० आहे ते नायट्रेट-नायट्रोजन म्हणून. पिण्याच्या पाण्यात ४५ आहे ते अख्खं नायट्रेट म्हणून. दोन्हीत गुणक ४.४३ चा, म्हणजे १० नायट्रोजन बरोबर ४४.३ नायट्रेट, जवळजवळ तीच गोष्ट दोन भाषांत. आता लॅबने "नायट्रेट ३८" दिलं आणि टाइप करणाऱ्याने समोर लिमिट १० लिहिलं की खाणीत धावाधाव, चौपट व्हायोलेशन! खरं तर ते ८.६ आहे, पास. उलटी चूक जास्त घातक, विहिरीत नायट्रोजन १४ निघालं, ४५ च्या समोर बसवलं, सगळे खूश, आणि ते खरं ६२ आहे, गावातली लहान मुलं तेच पाणी पितायत. रिपोर्टवर "एज एन" की "एज एनओथ्री" हे लिहिलेलं नसेल तर लॅबला फोन करा, अंदाज करू नका.

नायट्रेट या चारांत का आहे असं नवीन मुलं विचारतात. ब्लास्टिंग. अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचं मिश्रण वापरतात, जे जळत नाही, सांडतं, ब्लास्टिंगच्या ओल्या होलमधे विरघळतं, ते सगळं संपच्या (खाणीतलं पाणी साठतं त्या खड्ड्याच्या) पाण्यात येतं. म्हणून नायट्रेट अचानक वर गेलं तर आधी ब्लास्टिंगच्या तारखा मागवा.

पण त्याच्याही आधी बाटली बघा. आमच्याकडे एकदा नायट्रेट शेकड्यात आलं, तीन वेळा परत केलं, तेवढंच. शेवटी कळलं की मेटल तपासायच्या सॅम्पलच्या बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड घालायचं ते पोराने कामाच्या उत्साहात सगळ्याच बाटल्यांत घातलं होतं. नायट्रेटच्या बाटलीत नायट्रिक! त्याला ओरडायचं होतं पण हसूच आलं मला. नायट्रेटला फक्त थंडी, चार डिग्रीच्या आसपास, आणि ४८ तासांत टेस्ट.

डबा, बर्फ आणि पेंचव्हॅली

परासिया-छिंदवाड्याकडची सॅम्पल कधी कधी पेंचव्हॅली एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून इंदूरला येतात, सियागंजातून आणलेला थर्माकोलचा डबा, वरून सुतळी. डबा उघडला की आत बर्फाचं नुसतं पाणी, त्यात बाटल्या तरंगतायत आणि कागदी लेबलं सुटून तळाशी लगदा झालेली. कुठली संपची आणि कुठली अपस्ट्रीमची (नाल्यात खाणीच्या वरच्या अंगाची) ते देवालाच माहीत. तेव्हा लेबल बाटलीवर, झाकणावर नाही (झाकणं अदलाबदल होतात), आणि पर्मनंट मार्करने, वर पारदर्शक टेप. बर्फ सुटा नको, पिशवीत बांधून. डबा लॅबमधे पोचला तेव्हा आतलं तापमान किती होतं ते रजिस्टरमधे लिहायचं, चांगलं असो वाईट असो.

ऑइल-ग्रीसची बाटली काचेची, रुंद तोंडाची, आणि ती सॅम्पलच्या पाण्याने खंगाळायची नाही. आपल्याला सवय असते, तीन वेळा खंगाळा आणि मग भरा, बाकी बऱ्याच बाटल्यांना ते बरोबर पण आहे, पण तेल काचेला चिकटतं, म्हणजे प्रत्येक खंगाळण्यात थोडं थोडं जास्तीचं तेल तुम्ही जमा करताय. लॅबमधे पण अख्खी बाटली घ्यायची, अर्धी ओतून नाही, आणि रिकामी बाटली सॉल्व्हंटने धुवून ते पण त्यात घालायचं. प्लास्टिकच्या, पाणी पिऊन झालेल्या बाटलीत आलेलं ऑइल-ग्रीसचं सॅम्पल मी परत पाठवते. भांडण होतं. होऊ दे.

अ‍ॅसिड आधीच घालून दिलेली बाटली असेल तीही खंगाळायची नाही, हे लेबलवर मोठ्या अक्षरात लिहा.

काचेसारखं साफ पाणी

एका खाणीत संपच्या काठावर उभी होते, तिथले ओव्हरमन (शिफ्टचे सुपरवायझर) म्हणाले, "मॅडम, पाणी बघा काचेसारखं साफ आहे, आयर्न-बियर्न काही नाही, लिहून टाका निल." खरंच साफ होतं. मी एक बाटली तशीच भरून टपरीच्या बाकावर ठेवली. चहा आला, पोहे आले (इंदूरच्या माणसाला बाहेरचे पोहे म्हणजे शिक्षा, असो), तासा-दीड तासात बाटलीत हळदीच्या पाण्यासारखी झाक आली, संध्याकाळी तळाशी केशरी गाळ. ओव्हरमन बाटली हातात घेऊन हलवून हलवून बघत होते, "हे आलं कुठून?"

ते पाण्यातच होतं. कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या दगडात पायराइट असतं, हवा आणि पाणी लागलं की त्यातून लोह आणि सल्फेट सुटतं, जमिनीखाली हवा कमी म्हणून लोह विरघळलेल्या रूपात राहतं, वर आलं की हवा लागून गंजासारखं खाली बसतं. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक एकूण कमी, ईशान्येकडच्या कोळशासारखं नाही, त्यामुळे सगळ्या खाणींत हे होत नाही, पण होतं तिथे रिपोर्टची वाट लावतं. विरघळलेलं लोह पाहिजे असेल तर जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि मग नायट्रिक अ‍ॅसिड, पीएच २ च्या खाली. क्रम उलटा केला, म्हणजे आधी अ‍ॅसिड आणि मग फिल्टर, तर गाळातलं लोह पण विरघळून येतं आणि तुम्ही त्याला "डिझॉल्व्ह्ड" म्हणून छापता. टोटल पाहिजे तर गाळायचंच नाही. आणि डिझॉल्व्ह्डचा आकडा टोटलपेक्षा बराच मोठा आला तर आधी बाटल्यांची अदलाबदल झालीय का ते बघा.

पीएचचं पण तेच. पीएच जागेवर मोजायचा. बाटलीतून कार्बन डायऑक्साइड उडून गेला की तो वर सरकतो, लोह खाली बसायला लागलं की खाली सरकतो, इंदूरला पोचेपर्यंत काय होईल ते पाण्यावर अवलंबून. फील्डवर ५.३ आणि लॅबमधे ६.१ असं आलं की लोक बिनधास्त ६.१ छापतात कारण ते पास आहे. फील्ड शीट मागितली की संपलं. दोन्ही लिहा, आणि मीटर त्या दिवशी ४, ७ आणि ९.२ च्या बफरला (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाला) लावून तपासला होता त्याची नोंद जोडा. एक्स्पायर झालेल्या बफरची बाटली मी स्वतः गाडीच्या डिकीत बघितलीय, उन्हात, झाकण ढिलं.

टीएसएस

सोपी टेस्ट म्हणून सगळ्यात नवीन मुलाला देतात आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. गाळ तळाशी बसलेला, बाटली न हलवता वरचं नितळ पाणी ओतून घेतलं, की आकडा पास! मुद्दाम करतात असं नाही, कुणी सांगितलेलं नसतं. बाटली उलटी-सुलटी करायची आणि लगेच ओतायचं, थांबून बोलत बसायचं नाही.

दुसरं, उन्हाळ्यात पाणी साफ असतं तेव्हा १०० मिली गाळतात. टीएसएस १२ असेल तर फिल्टरवर गाळ आला १.२ मिलिग्रॅम. तुमच्या वजनात अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक पडला की निकालात ५ चा फरक. एक लिटर गाळा ना, वेळ लागतो पण आकडा तरी खरा येतो. पावसाळ्यात उलट, १०० मिलीत फिल्टर चोंदतो, तेव्हा कमी घ्या आणि किती घेतलं ते लिहा. फिल्टर १०३ ते १०५ डिग्रीला सुकवून, ओलावा शोषणाऱ्या डेसिकेटरमधे गार करून, वजन स्थिर होईपर्यंत परत परत. डेसिकेटरमधला निळा सिलिका गुलाबी झालेला असेल तर तो डेसिकेटर नाही, शोभेचं भांडं आहे.

तारखा आणि न जुळणारे आकडे

सॅम्पल ११ तारखेचं, रिपोर्टवर सही १३ ची, आणि आत बीओडी १८. आपल्याकडे बीओडी २७ डिग्रीला तीन दिवस ठेवून काढतात. ११ ला लावला तरी १४ ला निघणार. हे पकडायला केमिस्ट्री लागत नाही, बोटं मोजता आली की पुरे, म्हणून ऑडिटवाले सगळ्यात आधी हेच बघतात.

मी स्वतः फाइल पाठवायच्या आधी या गोष्टी बघतेच: बीओडी सीओडीपेक्षा मोठा नाही ना, हेक्साव्हॅलंट क्रोमियम टोटलपेक्षा जास्त नाही ना, कंडक्टिव्हिटीला (पाण्यातून वीज किती वाहते तो आकडा) साधारण ०.५५ ते ०.७ ने गुणलं की टीडीएसच्या (विरघळलेले एकूण क्षार) जवळ येतं का (सल्फेट खूप असेल तर गुणक थोडा वर जातो). एकदा एक रिपोर्ट होता, टीडीएस ५२०, सल्फेट ४१०, हार्डनेस ४८०. हार्डनेस सगळा कॅल्शियमचा धरला तर कॅल्शियम झालं १९२, सगळा मॅग्नेशियमचा धरला तरी ११७, आणि ११७ अधिक ४१० म्हणजेच ५२७. बायकार्बोनेट, सोडियम, क्लोराइड अजून बाकीच आहे! पोटात जास्त आणि ताटात कमी. लॅबने शेवटी कबूल केलं की टीडीएस दुसऱ्या सॅम्पलचा होता.

पाण्याच्या मात्रेचा हिशोब तर कुणीच बघत नाही आणि रिव्ह्यूवाले मात्र नक्की बघतात. पंप ताशी २०० घनमीटरचा, लॉगबुकप्रमाणे दिवसाला १४ तास चालला, म्हणजे २,८०० घनमीटर. रिपोर्टमधे डिस्चार्ज ६००. बाकीचं २,२०० कुठे गेलं? रस्त्यावर पाणी मारण्यात, डंपर धुण्यात, गावाला दिलं, सगळं शक्य आहे, पण ते तक्त्यात दिसायला हवं. दाखवलं नाहीत तर समोरचा समजणार की दुसरा एक नाला आहे जो नकाशावर नाही.

आणि "बीडीएल", म्हणजे पद्धतीला दिसतं त्याच्याही खाली. फिनॉलचं पिण्याच्या पाण्यातलं लिमिट ०.००१ मिग्रॅ, लॅबची पद्धत दिसायला सुरुवात करते ०.०१ पासून, आणि रिपोर्टवर ऐटीत बीडीएल. त्याचा अर्थ काहीच होत नाही, दसपट जास्त असलं तरी ते तसंच येणार. आर्सेनिक, शिसं ०.०१, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१, लॅब ठरवायच्या आधीच त्यांची डिटेक्शन लिमिट विचारून घ्या. रिपोर्टवर "निल" किंवा शून्य नको, "०.००१ पेक्षा कमी" असं पाहिजे. लॅबला एनएबीएलची मान्यता आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्या मान्यतेच्या स्कोपमधे तो पॅरामीटर आणि तीच पद्धत आहे का ते उघडून बघा.

सॅम्पल नक्की कुठनं घेतलं

डाउनस्ट्रीमचं सॅम्पल पुलावरून बादली सोडून घेतात कारण तिथपर्यंत गाडी जाते. बरेचदा तो पूल डिस्चार्जच्या वर असतो, म्हणजे वर्षानुवर्षं दोन अपस्ट्रीमची तुलना चाललेली असते आणि सगळे म्हणतात, बघा खाणीचा काही परिणामच नाही. जीपीएस घ्या, फोटो घ्या, एकदा ठरलेला पॉइंट बदलू नका, बदलावाच लागला तर कारण लिहा. सेटलिंग टँकचं (गाळ बसवायच्या टाकीचं) आउटलेट आणि खाणीच्या हद्दीवरचं शेवटचं आउटलेट ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, मधे वर्कशॉपचा नाला येऊन मिळत असतो.

उन्हाळ्यात डिस्चार्ज बंद असतो, सगळं पाणी आतच वापरलं जातं. तेव्हा रिकामा कॉलम नको म्हणून संपचं सॅम्पल घेऊन आउटलेटच्या नावाने छापणारे पाहिलेत मी. अरे बाबांनो, "डिस्चार्ज नाही" लिहा, कोरड्या आउटलेटचा तारखेसकट फोटो लावा, ती चांगली गोष्ट आहे, लपवताय काय! विहिरी-पिझोमीटरचं (भूजल पातळी बघायच्या नळीचं) वेळापत्रक मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी असं असतं, मेमधे विहीर कोरडी असेल तर तीच माहिती आहे.

कॉपी-पेस्टचं एक सांगायलाच हवं. आमच्याच ऑफिसात एकदा नदीच्या नावाचा स्पेलचेकने असा काही निकाल लावला की कन्हानच्या जागी सगळीकडे कान्ह छापून आलं. म्हणजे कोळसा खाणीच्या डाउनस्ट्रीमला थेट इंदूरची कान्ह, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून वाहणारी! सही माझीच होती खाली. तेव्हापासून प्रिंट काढून, पेन घेऊन वाचते.

बोर्डाचा माणूस आला की

तो सॅम्पल घेत असताना मॅनेजरसाहेब मीटिंगमधे, हे करू नका. जल कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे कायदेशीर सॅम्पल घेताना तिथल्या तिथे नोटीस देतात, तुमच्यासमोर त्याचे दोन भाग करायचे असतात, दोन्ही सीलबंद, दोन्हीवर दोघांच्या सह्या. तुम्ही मुद्दाम गैरहजर राहिलात तर दुसरा भाग वेगळा तपासून घ्यायचा हक्क हातातून जातो आणि मग "आमच्या लॅबमधे तर पास होतं" म्हणून काही उपयोग नाही. हजर राहा, त्याच वेळी त्याच जागेवरून आपलं पण एक भरून घ्या. आकडे वेगळे आले तर निदान बोलायला जागा राहते.

ईसीच्या अटींचा सहामाही कंप्लायन्स रिपोर्ट १ जून आणि १ डिसेंबरला जातो, फॉर्म पाच (वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र) ३० सप्टेंबरपर्यंत. दोन्हीत पाण्याचे आकडे असतात आणि दोन्ही वेगवेगळी माणसं भरतात, तेवढं एकदा शेजारी ठेवून बघा. खाण वाढवायची असेल तेव्हा सर्टिफाइड कंप्लायन्स रिपोर्ट लागतो, तेव्हा तुमचे जुने सगळे रिपोर्ट एका जागी उघडले जातात.

तर त्या "पाऊस?" वाल्या फाइलचं. ज्या लॅबचे रिपोर्ट होते तिच्याकडून कच्च्या नोंदी मागवल्या, द्यायला तीन आठवडे लावले त्यांनी. जुलैच्या पानावर ३४० होतं, ऑगस्टला २६०, पेन्सिलीत, आणि टाइप करताना ते "ठीक" केलं होतं कुणीतरी. सेटलिंग पाँड गाळाने अर्धा भरलेला होता आणि पावसाच्या आधी उपसलाच नव्हता, एवढीच साधी गोष्ट. मी खाणवाल्यांना म्हटलं खरे आकडे द्या, पाँड उपसल्याच्या तारखा आणि ट्रिपा द्या, गार्लंड ड्रेनचा (डंपभोवतीच्या चरीचा) फोटो द्या. ते दोन दिवस गप्प होते, मग दिलं सगळं. बोर्डाकडून उत्तर आलं की पुढचं सॅम्पल आमच्या माणसासमोर घ्या, आणि तारीख मुद्दाम जुलैची दिलीय.